मोतिया लुगड्यातला खो-खो

लोक सातारा-सांगलीकडे गेले की डोंगर पाहतात, देवळं पाहतात, कृष्णेचा घाट पाहतात. मी आडोसे पाहिले. लोणंद स्टेशनापासून सांगलीच्या मैदानापर्यंत कुठल्या भिंतीमागे, कुठल्या कडब्याच्या गंजीपाठी, कुठल्या बाभळीआड एक बाई निवांत बसू शकेल, हे मला कोणीही झोपेतून उठवून विचारावं. त्या मुलखात अजून न गेलेल्यांपैकी पुरुषांना या माहितीचा काही उपयोग नाही. बायकांना आहे, म्हणून लिहिते.

आधी आम्ही कोण ते सांगते. अमरावतीला आमचा गृहिणींचा खो-खो संघ आहे. नऊजणी, सगळ्या संसारी, सगळ्या लेकुरवाळ्या, आणि प्रत्येकीने शाळेत असताना कधी ना कधी मैदान गाजवलेलं. निदान तसं प्रत्येकीचं म्हणणं. आम्हाला शिकवते कुमुद. वय चोवीस, लग्न व्हायचंय, पायात स्प्रिंगा. तिचे मामा कडेगावला ऊस पिकवतात. त्यांनी तिकडच्या बायकांशी आमचे चार मैत्रीचे सामने ठरवले आणि पौषात आम्ही नऊ संसार वाऱ्यावर सोडून निघालो.

मी सुधा. सदतीस वर्षं, तीन मुलं. खांबावरची झेप ही माझी खासियत. खो-खोच्या मैदानाला दोन टोकांना दोन लाकडी खांब असतात. पळणारी खांबाला वळसा घालून निसटू पाहते, तेव्हा पाठलाग करणारीने खांब धरून सगळं अंग जमिनीला समांतर झोकून द्यायचं आणि तिला टिपायचं. शाळेत असताना माझी झेप पाहायला मुलं कुंपणावर चढत. पण धाकट्याच्या जन्मानंतर माझं एक बिनसलं होतं. रांगेत उकिडवी बसले असताना पाठीवर खो मिळाला आणि झटक्यात उठले, की थेंब. शिंकले की थेंब. झेप घेतली की थेंबांवर भागायचं नाही. म्हणून वर्षभर मी झेप घेतलीच नव्हती. कुमुदला सांगितलं होतं, गुडघा दुखतो. हा दौरा शेवटचा, परत आल्यावर खो-खो बंद, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. मला त्याचं इतकं वाईट वाटत होतं, की सोन्याची बांगडी विहिरीत पडली तेव्हाही तेवढं वाटलं नव्हतं.

निघण्याआधी एका रंगाची लुगडी घ्यायची ठरली. कुमुदला पिस्ता रंग हवा होता. मी म्हटलं, गडद निळा घेऊ, धूळ दिसत नाही. मी वाद घालायची पुरती तयारी करून गेले होते. पण शकूताई, आमच्यातल्या सर्वांत वडील, पाच मुलांची आई, लगेच म्हणाल्या, निळ्यात माणूस बारीक दिसतो. तिसरी म्हणाली, निळा शनीला मानवतो. चौथीने सांगितलं, तिच्या सासूबाई मरताना निळ्याच लुगड्यात होत्या. आता हे काय कारण झालं? पण ते धरून सगळ्या निळ्याच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि कुमुद एकटी पडली. मला वाटलं, काय माझं वक्तृत्व आहे.

लोणंद

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत चढलो तेव्हा लक्षात आलं की आमच्या डब्याच्या संडासात कोणीतरी लग्नाच्या पातेल्यांची चळत रचून ठेवली आहे आणि पातेल्यांचा मालक दाराला पाठ लावून झोपला आहे. त्याला उठवायचा प्रयत्न झाला. तो उठला, "लोणंदला काढतो," म्हणाला आणि पुन्हा झोपला. आम्हालाही लोणंदलाच उतरायचं होतं.

म्हणजे काय झालं असेल ते पाहा. गाडी लोणंदला लागली न लागली तोच नऊ बायका नऊ दिशांनी उतरल्या आणि एकाच दिशेने पळाल्या. दौऱ्यातला सर्वांत वेगवान खेळ आम्ही त्या फलाटावर केला, आणि तो पाहायला कुमुदशिवाय कोणी नव्हतं. ती बिचारी संत्र्यांच्या करंड्या उतरवून घेत होती. आम्हा सगळ्याजणींच्या कपड्यांची एकच ट्रंक होती, ती दुसरी कोणी घेईल असं प्रत्येकीला वाटलं होतं. आम्ही हायसं वाटून परत आलो तोवर निळ्या लुगड्यांची ट्रंक मिरजेच्या वाटेला लागली होती.

"सगळ्याजणी एकदम कशाला गेलात?" कुमुदने विचारलं.  स्टेशनमास्तर भला माणूस होता. त्याने पुढे फोन करून ट्रंक सांगलीला उतरवून ठेवायला सांगितलं. सांगलीचा सामना सर्वांत शेवटी होता. तोवर आमच्याकडे फक्त अंगावरची प्रवासातली पातळं होती. एक-दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं. कुमुदला कळेना, लुगड्यांसाठी एवढ्या मोठ्या बायका का रडतात.

लोणंदच्या संघाच्या प्रमुख अनसूयाबाई आम्हाला घ्यायला आल्या होत्या. उंच, ठसठशीत कुंकवाच्या, आवाज असा की गाडीची शिट्टी लाजावी. गावातलं भजनी मंडळही त्याच चालवतात.

"आवं, त्यात काय रडायचं?" त्या म्हणाल्या. "आमच्या भजनी मंडळाची लुगडी हायती की. एका रंगाची, एका काठाची. सांगलीपातूर न्या आन् मग द्या पाठवून."

लुगडी आली. मोतिया रंगाची. मऊ, स्वच्छ, जांभळ्या काठाची, आणि इतकी फिकी की त्यावर पाण्याचा थेंब पडला तरी तो वेशीवरून दिसावा.

"किती सुंदर," कुमुद म्हणाली.

"लय झ्याक दिसताल," अनसूयाबाई म्हणाल्या.

आम्ही नऊजणी लुगड्यांकडे बघत राहिलो.

लोणंदला कांद्याचा मोठा बाजार आहे, आणि अनसूयाबाईंकडच्या झुणक्यात निम्मा कांदाच होता. भाकरी पातळ, पापुद्रा सुटलेली, आणि ती वाढणारी बाई तुमचं ताट रिकामं होण्याची वाट पाहत नाही. पाण्याचंही तसंच. आमच्याकडे पाहुण्याला पाणी एकदा विचारतात. इथे तांब्या घेऊन समोर उभ्या राहतात आणि तुम्ही पिईपर्यंत हलत नाहीत. मी तर बडनेऱ्याला गाडीत बसल्यापासून पाणी तोडलं होतं. वर नाही गेलं तर खाली कुठून येईल, असा माझा साधा हिशेब. त्यामुळे पेला तोंडाला लावायचा, अनसूयाबाई वळल्या की जास्वंदीला घालायचा. त्या दिवशी ती जास्वंद तृप्त झाली.

सामना आम्ही हरलो. नुसत्या हरलो नाही, शोभा झाली. खो मिळाला की झटक्यात उठायचं सोडून आमची प्रत्येक बाई डोक्यावर भरली घागर असल्यासारखी उठत होती. धावायच्या ऐवजी मांड्या जुळवून भराभरा चालत होती. लोणंदच्या बायका आमच्या भोवती वाऱ्यासारख्या फिरल्या. मला वाटलं, बाकीच्यांना प्रवासाचा शीण आला असावा. माझं कारण मला माहीत होतं.

"काय झालंय काय तुम्हाला?" कुमुदने विचारलं. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. शकूताई म्हणाल्या, भाकरी जास्त झाली.

औंध

औंधला एस.टी.ने गेलो. इथल्या एस.टी.त अनोळखी माणसं तुमची चौकशी घराच्या पायापासून सुरू करतात. अमरावती म्हटल्यावर एका म्हाताऱ्याने विचारलं, "तिकडं पानी हाय का?" बहात्तरचा दुष्काळ अजून लोकांच्या बोलण्यातून गेलेला नाही. मी म्हटलं, आहे. पाण्याचा विषय मला नकोसा झाला होता.

यमाईचं देऊळ डोंगरावर आहे आणि तिथे पायऱ्यांनी जायचं. चढताना काही वाटत नाही. वर वारा छान, देवीची काळी मूर्ती भव्य, खाली गाव आणि शेतांचे तुकडे. कुमुदने देवीपुढे संत्री ठेवली, उरलेली पिशवीत घेतली आणि आम्ही उतरायला लागलो. उतरताना मात्र प्रत्येक पायरी मला आतून टोचत होती. मी कडेने, जपून, एकेक पाऊल टाकत होते.

अर्ध्यावर एका माकडाने कुमुदच्या पिशवीतून संत्रं पळवलं. इथवर ठीक. पण ते पळून गेलं नाही. समोरच्या कठड्यावर बसलं, संत्रं व्यवस्थित सोललं, साल कुमुदच्या अंगावर टाकली, एकेक फोड तोंडात घालून बिया थुंकत, डोळे मिटून खाऊ लागलं.

शकूताई म्हणाल्या, "हे तं आमच्या ह्यांच्यावानी खाते."

झालं. आम्ही हसायला लागलो. शकूताईंचे यजमान आम्ही सगळ्यांनी संत्रं खाताना पाहिलेले आहेत. हसू थांबेना. शकूताई हसता हसता पायरीवर बसल्या. बसल्या त्या बसल्याच. मीही अर्ध्या मिनिटात त्यांच्या शेजारी बसले, कारण उभं राहणं आता शक्य नव्हतं.

"काहून बसली वं तू?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही का बसलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या लुगड्याकडे पाहिलं. मोतिया रंग खोटं बोलत नाही.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"तिसऱ्यापासून. तुले?"

"धाकट्यापासून."

मग आम्ही पुन्हा हसलो, आणि जे काही राखलं होतं तेही गेलं. वर पाहते तो तिसरीही पायरीवर बसलेली. चौथी बसली. एकीला बसायला जागा नव्हती, ती कठड्याला टेकून पदर पुढे धरून उभी होती. माकड निघून गेलं तरी आम्ही हसतच होतो, आणि कुमुद एकटी मधोमध उभी राहून आळीपाळीने आम्हा नऊजणींकडे बघत होती.

"कोणी मला सांगेल का?" ती म्हणाली.

शकूताईंनी सांगितलं. पाच मुलांच्या आईला कशाची लाज. त्या पायऱ्यांवरच उलगडा झाला की निळा रंग माझ्या वक्तृत्वाने जिंकला नव्हता. बारीक दिसणं, शनी, मेलेली सासू, सगळं थापा. नऊच्या नऊजणी एकाच कारणासाठी निळ्याच्या मागे लागल्या होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं की जगात आपण एकटीच. लोणंदला कोणाला शीण नव्हता आणि कोणाला भाकरी जास्त झाली नव्हती. वर्षभर मी रोज संध्याकाळी ज्या बायकांच्या रांगेत बसत होते, त्यांच्यातली एकही मला काही बोलली नव्हती आणि मी त्यांना. मला हसू येत होतं आणि मधूनच रडूही येत होतं.

लुगडी वाळेपर्यंत आम्ही उन्हाला पाठ करून पायऱ्यांवर ओळीने उभ्या राहिलो. खरं तर पाठ नव्हे. येणारेजाणारे भाविक आम्हाला हात जोडून गेले. त्यांना वाटलं असणार, काही नवस आहे.

त्या दिवशी शकूताईंनी आपलं प्रवासातलं पातळ, जुनेरच ते, फाडून प्रत्येकीला मऊ घडी करून दिली आणि औंधच्या बायकांशी सामना बरोबरीत सुटला. माझा मात्र पाण्याचा उपास चालूच होता. तो मी शकूताईंनाही सांगितला नाही.

कडेगाव

कडेगावला कुमुदच्या मामांचं गुऱ्हाळ चालू होतं. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांनी पौषात इकडे जावंच. उसाच्या मोळ्या येत असतात, चरक फिरत असतो, मोठ्या काहिलीत रस उकळतो आणि वाऱ्याबरोबर गोड वाफ अर्ध्या गावावर पसरते. घरी रेशनची साखर चिमटीने वापरणाऱ्या आम्हा बायकांना तो वासच चढला.

मामांचा पाहुणचार म्हणजे रस. पेल्याने नाही, तांब्याने.

"घ्या, घ्या. लाजायचं न्हाई," मामा म्हणाले.

"माझा उपास आहे," मी म्हटलं.

"उपासाला रस चालतो की."

"मला उसाने खोकला होतो."

"मग आलं घालून घ्या."

शेवटी मी तांब्या तोंडाला लावून ओठ ओले केले आणि चिपाडांच्या ढिगावर ओतला. मामांनी पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. अन्न टाकणारी बाई असं त्यांना वाटलं असणार, आणि दुष्काळाला अजून दोनच वर्षं झालेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याची शिक्षा लगेच मिळाली. दुपारच्या सामन्यात मी पळत होते आणि अचानक पोटरीत असा गोळा आला की किंचाळले. मग मैदान फिरलं आणि सामना तिथेच थांबला. डोळे उघडले तेव्हा एक पांढऱ्या केसांची, ताठ कण्याची बाई माझी पापणी खाली ओढून बघत होती. गावात त्यांना कॅप्टनबाई म्हणतात. लष्करी दवाखान्यांत नर्स म्हणून सगळी नोकरी काढली, जवानांच्या बायकांची बाळंतपणं केली आणि आता माहेरच्या घरात राहतात. आपण अजून ड्यूटीवर आहोत अशाच त्या बोलतात.

"काल किती पाणी प्यालीस?"

"थोडं."

"लघवी कुठल्या रंगाची हुती?"

मामा शेजारीच उभे होते. ते तिथून निघून जाऊन एकाएकी ऊस मोजायला लागले.

"गडद पिवळी," मी म्हटलं.

"का तोडलंस पाणी?" आणि लगेच, "गळतंय व्हय?"

इतक्या सरळ शब्दांत मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी मान हलवली.

"किती बाळंतपणं?"

"तीन."

"मग तीनदा त्या वाटंवरनं रणगाडा गेलाय. खालचं स्नायू ढिलं पडल्यात, एवढंच. म्हातारपण न्हाई, शाप न्हाई. आन् पाणी तोडून काय करतीयास? दाट लघवीनं पिशवी चिडती, आन् मग जास्तच गळतं. शत्रू मारायला निघालीस आन् आपलीच पल्टन तहानेनं मारलीस."

"हिले एकटीलेच नाही, आम्हा साऱ्याईलेच आहे," शकूताई म्हणाल्या.

कॅप्टनबाईंनी आमच्या मोतिया रांगेवरून एक नजर फिरवली. "चला," त्या म्हणाल्या. "चिपाडांच्या मागं. परेड."

मला आधी दोन तांबे पाणी पाजलं, मीठसाखर घालून. मग आम्हाला ढिगामागे रांगेत उभं केलं. "चारचौघांत बसल्यावर वारा सुटायला लागला तर तुमी काय करता?" त्यांनी विचारलं. आम्ही फिदीफिदी हसलो. "हसू नका. जे आवळता, तेच आवळायचं. पुढचं, मागचं, सगळं आतल्या आत वर घ्यायचं, आडातनं कळशी वर काढल्यागत. पोट कडक करायचं न्हाई, मांड्या आवळायच्या न्हाईत, श्वास धरायचा न्हाई. मी सावधान म्हटलं की कळशी वर. विश्राम म्हटलं की खाली. सावकाश सोडायची, आडात टाकून द्यायची न्हाई."

"सावधान."

बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. नऊ बायका डोळे मिटून गप्प उभ्या. आतमध्ये मात्र मी माझी कळशी शोधत होते. पहिल्यांदा पोटच आवळलं गेलं. दुसऱ्यांदा भुवया. चौथ्या-पाचव्या खेपेला खरंच आत कुठेतरी काहीतरी हललं, फार दिवसांनी ओळखीचं माणूस भेटावं तसं, आणि मी एकदम म्हणाले, "सापडली."

"शाब्बास," कॅप्टनबाई म्हणाल्या. "आता सावकाश दहा. मग चटाचट दहा."

"बाई, मी करू का?" कुमुदने विचारलं. ती आतापर्यंत बाजूला उभी होती.

"तू तर आदी कर. पोरं व्हायच्या आदीच शिकायचं असतं हे. ह्यांना कुणी सांगितलं न्हाई."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

तेवढ्यात मामा गूळ घेऊन ढिगाला वळसा घालून आले आणि थबकले. "कॅप्टनबाई, ह्या काय ध्यान लावत्यात व्हय?"

"व्हय. अमरावतीकडं असंच लावत्यात."

मामा चवड्यांवर परत गेले. पलीकडे त्यांनी काहिलीजवळच्या माणसांना गप्प राहायला सांगितलेलं ऐकू आलं, आणि शकूताईंची कळशी आडात पडली.

मग कॅप्टनबाईंनी बजावलं. हे रोज करायचं, दिवसातून तीनदा. दोन-तीन महिन्यांनी फरक कळेल, पल्टन चार दिवसांत तयार होत नाही. लघवी करताना मध्येच थांबवून हा व्यायाम करायचा नाही. उगाच भीतीपोटी घटकेघटकेला जायचं नाही, पिशवीला धरायची सवय राहू द्यायची. जळजळ झाली, रक्त दिसलं किंवा लघवी अडली तर मात्र थेट डॉक्टर, तिथे परेड कामाची नाही. "पर एक गोष्ट आजपासनंच उपेगी पडती," त्या म्हणाल्या. "शिंक, खोकला, हसू, उडी, काय बी येणार असंल तर त्याच्या आदी सावधान. गोळी सुटायच्या आदी खंदकात."

जाताना मी मामांकडे गेले आणि रस मागितला. तांब्याभर प्याले, मग अर्धा आणखी. मामांचा चेहरा उजळला. "खोकला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ध्यानाने गेला.

सांगली

सांगलीला आमची सोय पद्माताईंकडे होती. त्या तिथल्या संघाच्या कप्तान. घर जैन, व्यापार हळदीचा, त्यामुळे उंबऱ्यापासून माजघरापर्यंत सगळ्याला हळदीचा वास. अमरावतीला आमची रात्रीची ताटं नऊला मांडली जातात. इथे सूर्य मावळायच्या आत जेवण, पाणी उकळून गाळलेलं, आणि एकदा दिवे लागले की काही नाही. कांदा-लसूण नसलेली आमटी इतकी चवदार होऊ शकते हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री कोणाला उठावं लागलं नाही आणि सकाळी सगळ्यांचे चेहरे टवटवीत होते. दात घासताना सावधान, वेणी घालताना विश्राम, असं आमचं चालू होतं. कुमुद तर चहा पितानाही करत होती.

सामन्याच्या सकाळी तिने स्टेशनवरून टांग्यात घालून ट्रंक आणली. तिने कुलूप काढलं आणि निळी लुगडी आमच्यापुढे ठेवली. "हीच नेसा," ती म्हणाली. "आता मला कळलंय." असं म्हणताना ती जरा लाजली. मला तिचा फार लोभ वाटला.

मी निळ्याची घडी हातात घेतली. ते नेसलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण मला वाटलं, हे नेसलं की मी पुन्हा ती गुडघा दुखणारी सुधा होणार. लपवायचं ते ज्यांच्यापासून, त्या आठजणींना सगळं ठाऊक होतं. उरली सांगली. सांगलीला मी पुन्हा कधी दिसणार होते?

"मी मोतियाच नेसते," मी म्हटलं.

"मंग मी काय शनीले भेऊ?" शकूताई म्हणाल्या आणि त्यांनी ट्रंक बंद केली.

मैदानावर लोक बरेच होते. आम्ही नऊजणी पांढऱ्या बगळ्यांसारख्या उभ्या राहिलो. लुगड्याखाली जुनेराची घडी होती, आणि पोटात पाणी होतं. मग पलीकडून सांगलीचा संघ आला. नऊच्या नऊजणी गडद निळ्यात.

शकूताईंनी मला कोपराने ढोसलं. मी तिकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर हसले असते.

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या डावात आम्ही पाठलागावर होतो आणि त्यांची एक बाई टिपली की जिंकणार होतो. पळत होत्या पद्माताई. सडपातळ, चपळ, कोणाच्या हाती लागेनात. पाठीवर खो आला. मी उठले. उठण्याआधी आवळलं होतं, आणि उठताना काही झालं नाही. मी पळाले. पद्माताई खांबाकडे निघाल्या, वळसा घालून निसटणार हे मला दिसलं, आणि वर्षभर जे केलं नव्हतं ते करण्याची हीच वेळ होती.

कडेवरून कुमुद ओरडली, "सावधान."

लोकांना वाटलं असेल, पोरगी वेडी आहे. मी कळशी वर घेतली, खांब धरला आणि अंग झोकून दिलं. जमीन खाली सरकताना दिसली, हात लांब गेला, बोटांना निळं लुगडं लागलं, आणि मी तोंडावर काळ्या मातीत आपटले. पंचांची शिट्टी झाली. आम्ही जिंकलो होतो.

एखादा थेंब आला का? आला. खोटं कशाला सांगू. पण मी उठले तेव्हा हनुवटीपासून टाचेपर्यंत मातीने माखले होते. नऊवारी मोतियाचा जांभळा काठ तेवढा ओळखू येत होता. आठजणी माझ्या अंगावर पडल्या. मी खो-खो सोडणार होते हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून सोडणार नाही हेही कोणाला सांगावं लागलं नाही.

नंतर लिंबाखाली पद्माताई पाणी पीत माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "झेप चांगली घेतली," त्या म्हणाल्या. "पयलं मीबी घ्यायची."

"तुमचा रंग छान आहे. निळाच का घेतला?"

"धूळ दिसत न्हाई," पद्माताई म्हणाल्या, पेल्यात बघत.

"आमचीही निळीच होती. धुळीसाठीच."

त्यांनी माझ्या लुगड्याकडे बघितलं, मग आजूबाजूला. "मग निळी सोडली कशी?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मी त्यांना कसं उभं राहायचं ते सांगितलं. कळशीचं सांगितलं. आम्ही दोघी डोळे मिटून उभ्या राहिलो. थोड्या वेळाने डोळे उघडले तर शेजारी आणखी एक निळी उभी होती, तिच्यापुढे शकूताई, मग आणखी निळ्या आणि मोतिया. अठराजणींची रांग झाली, आणि कुमुद समोर उभी राहून हळू आवाजात हुकूम देत होती.

मैदानावर पाणी मारायला एक म्हातारा माणूस घागर घेऊन येत होता. अठरा बायका डोळे मिटून, मान खाली घालून, गप्प. त्याने घागर खाली ठेवली.

"कोण गेलं, बाय?" त्याने रांगेच्या टोकाला कुजबुजत विचारलं.

उत्तराची वाट न बघता त्याने डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली आणि आमच्या रांगेच्या शेवटी मान झुकवून उभा राहिला.

शकूताईंचे खांदे हलायला लागले. कुमुद दात आवळून म्हणाली, "हसायच्या आधी सावधान," आणि मग कोणाचंच काही चालेना. सगळं मैदान ऐकेल असं आम्ही हसलो. शकूताई खाली बसल्या. त्यांना वेळ लागेल, पाच बाळंतपणं आहेत. पद्माताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर सावरून त्याही शेजारी बसल्या.

मी पोट धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी उभी होते.